निकालाआधीचा फोटो

शुक्रवारी रात्री साडेदहाला मामीच्या नंबरवरून फोन आला की माणूस आधी घाबरतो. सांगलीची आमची माणसं नऊला जेवून साडेनऊला अंथरुणात. पण पलीकडे मामी नव्हत्या. मामींच्या फोनवरून छोटी बोलत होती, माझी मामेबहीण. (खरं नाव लिहायची परवानगी नाही. तिनेच दिलेली नाही.)

"दादा, तुझा तो मोठा कॅमेरा चालू आहे ना अजून?"

"आहे की. का?"

"माझे फोटो काढशील? बाहेर कुठेतरी. स्टुडिओत नाही. आणि फक्त माझे."

मागून मामांचा आवाज आला, "पेपर तोंडावर आलेत आणि हिला फोटो सुचतायत!"

छोटी यंदा दहावीला. आमच्या वेळी दहावी म्हणजे मार्च, पण आता बोर्डाची घाई वाढलीये. २०२५ साली दहावीचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता. म्हणजे जानेवारीचा शेवटचा विकांत हा कुठल्याही दहावीवाल्या घरात फोटोबिटो काढायचा विकांत नव्हेच. मामांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच.

छोटीच्या डोक्यात हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं. मीच घातलं होतं. दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा मी आमच्या टीममधल्या एका माणसाची गोष्ट सांगितली होती. हा बाबा ओहायोत बसतो. एकदा कॉल संपल्यावर त्याने मोठ्या कौतुकाने मुलीचे फोटो दाखवले. शेतात उभी आहे, हातात ट्रम्पेट, मागे मावळतीचं ऊन. मला वाटलं साखरपुडा वगैरे असेल. तर म्हणे नाही, हायस्कूलचं शेवटचं वर्ष आहे, 'सिनियर पोर्ट्रेट'. तिकडे ही रीतच आहे. बारावीतल्या प्रत्येक पोराचा एक नीट काढलेला फोटो, शाळेच्या वार्षिक पुस्तकात छापायला आणि घरात लावायला. पूर्वी स्टुडिओत काढायचे, आता बरेच जण बाहेर काढतात. कुणी फुटबॉल घेऊन उभं राहतं, कुणी आजोबांच्या जुन्या ट्रकला टेकून. प्रथा तशी जुनीच. १८६० च्या दशकात बॉस्टनकडे जॉर्ज वॉरन नावाचा फोटोग्राफर कॉलेजच्या पोरांचे एकेकट्याचे फोटो काढायचा, पोरं आपल्याला हवे ते निवडून त्यांचा अल्बम बांधून घ्यायची.

ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. अमेरिकन लोकांची थेरं, वगैरे. छोटी हसली नव्हती, हे आत्ता आठवतंय.

आता आपल्याकडे शाळेतल्या पोराचा फोटो कधी निघतो ते बघा. एक, परीक्षेच्या कामाचा. पांढरी मागची बाजू, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. मग हॉलतिकिटावर त्याच फोटोवर मुख्याध्यापकांचा गोल शिक्का असा बसतो की अर्धी हनुवटी निळी. दुसरा वर्गाचा. पुढे खुर्च्यांवर सर आणि बाई, मागे बाकांवर चढवलेल्या रांगा, मधे पाटीवर 'इयत्ता १० वी अ'. त्यात आपला चेहरा तुरीच्या डाळीएवढा, आणि नेमके डोळे मिटलेले. आणि तिसरा... तिसरा म्हणजे फ्लेक्स. जूनच्या आसपास साताऱ्यात पोवई नाक्याकडून घरी जाताना वर बघायचं. पासपोर्ट फोटो ताणून ताणून चार फुटांचा केलेला, शेजारी टक्के, खाली शुभेच्छुकांची रांग. टक्के अक्षरशः चेहऱ्यापेक्षा मोठे असतात! आणि हा मानही नव्वदच्या वरच्यांनाच. बासष्ट टक्केवाल्या पोराला चौकात कुणी लावत नाही.

म्हणजे आपल्या शालेय आयुष्याचे तिन्ही फोटो कुणाच्या ना कुणाच्या सोयीचे: बोर्डाच्या, शाळेच्या, शुभेच्छुकांच्या. पोरगं सोळा वर्षांचं असताना कसं दिसायचं, कसं उभं राहायचं, याची नोंद घ्यायला आपल्याला आधी निकाल लागतो. हे मला पटत नाही. तुम्ही म्हणाल, मोबाईल आहेत की आता, दिवसाला पन्नास सेल्फी काढतात. काढतात. आणि फोन बदलला की जातात. शिवाय त्या सेल्फीत दिसतं ते पोरगं नसतंच बऱ्याचदा. छोटीच्या फोनमधल्या कॅमेऱ्याने तिला न विचारता दोन छटा गोरी केलेली आहे आणि तिच्या हनुवटीवरचा लहानपणी घसरगुंडीवरून पडल्याचा व्रण पुसून टाकलाय. कुणी सांगितलं होतं?

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. तो मला मामींमुळे कळला, थोडा उशिराच.

मामांचं घर सांगलीत गावभागात, तळमजला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. (सांगलीतली लहान पोरंसुद्धा पावसाळ्यात क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं "किती फूट?" विचारतात.) घरात पाणी शिरलं, ते काही दिवसांनी उतरलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, घर धुवायला गेलो होतो. गाळ, गाद्या, धान्याचा वास, सगळ्यांनी फोटोत आणि बातम्यांत पाहिलंय. मला लक्षात राहिले ते अल्बम. कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. प्लॅस्टिकच्या पानांना फोटो चिकटून बसलेले, सोडवायला गेलं की रंग प्लॅस्टिकवर राहायचा आणि हातात पांढरा कागद यायचा. मामी एकेक पान उन्हात लावत होत्या. त्यांच्या शाळेचा वर्गाचा फोटो गेला. मैत्रिणींबरोबर औंधला यमाईच्या डोंगरावर सहलीला गेल्या होत्या तो गेला. लग्नाआधीचं म्हणून जे काही होतं ते सगळंच गेलं.

एक सोडून. दोन महिन्यांनी साताऱ्याच्या आमच्या घरी, माझ्या आईच्या कपाटात, एका पाकिटात मामींचा फोटो सापडला. वय एकोणीस, गुलाबी साडी, हात प्लॅस्टरच्या खांबावर, मागे रंगवलेलं तळं आणि डोंगर. स्थळासाठी काढलेला. मग कळलं की तसाच एक कराडला आहे, एक मिरजेत मावशींकडे, एक इस्लामपूरला. त्या काळी प्रती काढून नातेवाइकांत वाटायचे ना, कुठे जमलं तर बघा म्हणून.

माझा धंदाच बॅकअपचा, त्यामुळे मला आधी गंमत वाटली. चार गावांत चार प्रती! आमच्या क्लायंटला आम्ही याच गोष्टीचे पैसे लावतो. मग रात्री एसटीत बसल्यावर लक्षात आलं की काय टिकलं आणि काय गेलं. वर्गातली मुलगी, डोंगरावर मैत्रिणींबरोबर हसणारी मुलगी, यांची एकेकच प्रत होती. नवरी म्हणून दाखवायच्या मुलीच्या चार. कृष्णामाईने काही निवड केली नव्हती. ती आधीच झालेली होती.

म्हणून छोटी "फक्त माझे" म्हणाली तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

असो. तर शनिवारी सकाळी मामा-मामी आणि छोटी आमच्याकडे साताऱ्याला आले (आईचा हट्ट, हुरडा खायला या म्हणून) आणि मी पुण्याहून. जेवताना जागेवरून परिषद भरली. मामांना एकदा परवानगी दिल्यावर उत्साह आला होता. "कासला जाऊ की, फुलांत काढ."

जानेवारीत कासला फुलं? कासचा बहर ऑगस्टअखेरीपासून फार तर ऑक्टोबरपर्यंत. आत्ता तिथे वाळकं गवत आणि काळा-तांबडा कातळ. आणि फुलं असती तरी मी नेलं नसतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा झालं, त्यानंतर तिथे पाहुण्यांना तिकीट आणि संख्येची मर्यादा आली, तरी फुलांत लोळून फोटो काढणारे महाभाग संपलेले नाहीत. तिथली माती म्हणजे कातळावरचा पातळ थर. त्यात एक माणूस नीट पोज देऊन झोपला की पुढच्या वर्षीची फुलंही त्याच्याखाली गेली. कुणाच्या आठवणीसाठी एवढी किंमत नको.

मग मेणवली निघालं. वाईजवळचा नाना फडणवीसांचा घाट, 'स्वदेस' (२००४) तिथे चित्रित झाल्यापासून सगळ्यांच्या ओळखीचा. सुंदर आहेच. पण तिथे गेलं की आपण नकळत सिनेमाचा फोटो काढतो, आणि आजकाल जोडप्यांच्या लग्नाआधीच्या शूटिंगने घाटांना घाट म्हणून राहू दिलेलं नाही. छोटीचं त्यावर एका वाक्यात मत: "मी काय लग्न करतेय का?" प्रश्न मिटला.

शेवटी अजिंक्यतारा ठरला. जवळ, वर गाडी जाते, उजेड चांगला. पाचच्या सुमारास पोचलो. छोटीने मामींची जांभळी साडी नेसली होती, शाळेच्या निरोप समारंभाला नेसायची म्हणून रंगीत तालीम. आणि... फोटो भयाण आले. स्पष्टच सांगतो. उजेड अप्रतिम होता, खाली सातारा, पलीकडे यवतेश्वरचा डोंगर, सगळं होतं. पण पोरगी तिथे नव्हती. आजूबाजूला फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती, मामा "हसून बघ जरा" म्हणत होते, वारा पदर उडवत होता आणि छोटीने दातांना तारा आहेत म्हणून ओठ असे घट्ट मिटले होते की पुढचा पेपर बीजगणिताचाच आहे. तिने फोनवर बघून पाठ केलेल्या चार पोज दिल्या. कंबरेवर हात, खाली बघ, मागे वळून बघ, केस मागे टाक. मी दीडशे फोटो काढले आणि रात्री लॅपटॉपवर बघताना दोघेही गप्प बसलो.

"घाण आलेत," छोटी म्हणाली.

"माझी चूक," मी म्हटलं. खरंच माझीच होती. मी जागा शोधत बसलो, माणूस नाही.

रविवारी मी त्यांच्याबरोबर सांगलीला गेलो. (सोमवारी पहाटेची बस, आठची मीटिंग, डोळ्यांत झोप. पण ते सोडा.) दुपार छोटीने अभ्यासात काढली, तो मामांचा करार होता. मला तेवढ्यात गल्ली बघायला मिळाली. दुपारच्या उन्हात फोटो काढू नका, असं सगळे सांगतात, कारण सरळ वरून ऊन पडलं की डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि चांगला माणूस गुन्हेगार दिसतो. पण गल्लीत एका बाजूला सावली असते आणि समोरची चुन्याची भिंत उन्हात तापत असते. ती भिंत म्हणजे फुकटचा भलामोठा दिवा. उंबऱ्यावर, सावलीच्या कडेला माणूस उभा केला की समोरून मऊ उजेड येतो. डोळ्यांत चमक येते, कातडीचा खरा रंग येतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगांना हा उजेड फार मानवतो. गोरं करायची गरजच पडत नाही. माझी लेन्स साधी, पन्नास मिलिमीटरची, एफ १.८, सगळ्यात स्वस्तातली. रिफ्लेक्टर म्हणून मखराचा उरलेला थर्माकोल.

चारला छोटी बाहेर आली ती गणवेशातच. निळा पंजाबी ड्रेस, पांढरी ओढणी, दोन वेण्या. म्हटलं साडी? म्हणाली, "ती आईची आहे." मग सायकल घेऊन आली. मग आम्ही फोटो काढायचे सोडून बोलत बसलो. कुठल्या बाई आवडतात, कोण कुणाशी बोलत नाही, अकरावीला सायन्स घ्यायचं का (मामांना हवंय, तिला नकोय, तिला इतिहास आवडतो. हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि ती सांगेपर्यंत मी हे लिहिलेलंही कुठे दाखवणार नाही, असं ठरलं होतं. तिने कालच सांगितलं. घरात अबोला चालू आहे.) कॅमेरा मी मांडीवर ठेवला होता, मधेच उचलायचो. तारा दिसत होत्या. तिला विसर पडला होता.

त्यांच्या दाराशेजारी भिंतीवर एक रेघ आहे. २०१९ चं पाणी जिथवर आलं तिथे मामांनी ऑइलपेंटने मारलेली. छोटी तेव्हा चौथीत होती. ती रेघेजवळ गेली आणि म्हणाली, "दादा, तेव्हा हे माझ्या डोक्यावरून होतं." मग पाठ टेकून उभी राहिली, शाळेत उंची मोजायला राहतात तशी, टाचा भिंतीला लावून. रेघ आता तिच्या खांद्याच्या जरा खाली येते. तिने मान वळवून ती कुठे येतेय ते बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

तो एक फोटो आला. दीडशे अधिक साठ, त्यातला एक. मागे किल्ला नाही, नदी नाही, एक फुगलेला गिलावा आणि सायकलचं हॅण्डल.

रात्री मामींना दाखवले. त्यांनी तो बराच वेळ बघितला, काही बोलल्या नाहीत. मग मागे जाऊन अजिंक्यताऱ्यावरचा साडीतला एक काढला आणि हळूच म्हणाल्या, "हा जरा मोठा करून ठेव की. पुढं उपयोगी पडेल."

मी काही क्षण गप्प. कसला उपयोग ते तिथे सगळ्यांना कळलं होतं. मामी दुष्ट नाहीत हो. पोरीच्या काळजीने त्यांची झोप जाते. पण त्यांच्या स्वतःच्या चार प्रतींची गोष्ट त्यांच्याच घरात घडलेली, आणि तरी. मी म्हटलं, "मामी, त्यासाठी वेगळा काढू. दहा वर्षांनी. ती म्हणाली तर." छोटीने माझ्याकडे बघितलं नाही, पण साडीतले सगळे फोटो तिने तिथल्या तिथे पुसायला लावले. मला दोन-तीन बरे वाटत होते, उजेडासाठी. फोटो माझे नव्हते, तिचे होते. पुसले.

नेटवर टाकायचे का, यावर मामांचं मत "अजिबात नाही" आणि छोटीचं "बघू". माझं मत असं की ठरवायचं तिने, पण माहिती घेऊन. गणवेशावरच्या बिल्ल्यावर शाळेचं नाव स्पष्ट वाचता येतं आणि फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांशही बसलेले असतात. म्हणजे ही मुलगी रोज कुठे असते हे आपण अनोळखी माणसाला लिहून देतो. मी तिला फोनमधलं ते सेटिंग बंद करून दाखवलं. बिल्ल्याचं तिचं तिने बघितलं, आडवी ओढणी.

आणि प्रिंट. हे मात्र मी ऐकणार नाही. पुण्यात ऑफिसच्या खालच्या दुकानात रेघेजवळच्या फोटोच्या चार प्रती टाकल्यात, मॅट कागद, आठ बाय दहा. दुकानदाराने विचारलं, "वाढदिवस का?" म्हटलं नाही. "मग निकाल लागला का?" म्हटलं, अजून पेपरच व्हायचेत. तो माझ्याकडे जरा बघत राहिला आणि पावती फाडून दिली. एक प्रत सांगलीला, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. एक साताऱ्याला आईकडे. एक माझ्याकडे पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. चौथी मिरजेच्या मावशींना, त्यांच्याकडे मामींचीही आहे.

मामी म्हणाल्या, मावशींना पाठवू नको, त्या लगेच कुणाला तरी दाखवतील. तेव्हा चौथीचं अजून ठरायचंय.